झाकणाची शेगडी

४ मार्च, मंगळवार

ठिणगे,

सुरुवातीला 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, ते खोडलं. मग वाटलं, खोडलेलं दिसतंय, म्हणजे मी आशीर्वाद मागे घेतला असं व्हायचं. तर ते खोडलेलं आहे तसंच वाच आणि आशीर्वाद घे. सासू म्हणून सही करायचा हक्क काही आता माझ्याकडे नाही. तुझं आणि आमच्या चिरंजीवांचं कागदोपत्री संपलं, त्यात माझंही गेलं. पण यांनी तुला ठेवलेलं नाव अजून घरात आहे, तेच वापरते. वेल्डिंग करणारी सून घरात आली तेव्हा हे म्हणाले होते, "चाळीस वर्षं घरात लाकडाचा भुसा आहे, आता ठिणगी आली, सांभाळून राहा." तुला वाटलं ते टोमणा मारतायत. अगं, ते खूश होते.

पत्ता तुझ्या जुन्या कारखान्यातल्या फोरमनकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस, मी दोनदा जाऊन त्याच्या दारात बसले, मग तो तरी काय करणार. फोन नंबरही देत होता, मी नको म्हटलं. फोनवर माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही, हे तुला मी वेगळं सांगायला नको. कागदावर निदान खोडता येतं.

काम असं आहे. बारा एप्रिलला यांना सत्तर पुरी होतात. थंडीत हे आजारी पडले, एका सकाळी रंधा हातातून निसटला आणि उचलता येईना. उजव्या हातातली ताकद गेली. आता बरे आहेत, चालतात, बोलतात, माझ्या चुका काढतात. डॉक्टर म्हणतात हातही हळूहळू येईल, पण पोटात अन्न गेलं पाहिजे. आणि हे जेवत नाहीत. चार घास चिवडतात आणि ताट सरकवतात. परवा मी वैतागून म्हटलं, "तुम्हाला खावंसं तरी काय वाटतं ते सांगा, मी करते." खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "ठिणगी करायची ते. धुरातलं."

शेवंडांच्या शेपट्या. तू लॉब्स्टर म्हणायचीस, मासेवाली शेवंड म्हणते, खाणाऱ्याला काय, दोन्ही गोडच. दर वाढदिवसाला तू परसात ती शेगडी पेटवायचीस, आणि हे लहान मुलासारखे शेजारी स्टूल टाकून बसायचे. शेगडी आहे अजून. अर्ध्या पिंपाची, तू वेल्ड केलेली, झाकणाला यांनी लाकडी मूठ बसवलेली. चिरंजीव म्हणाले होते भंगारात द्या. मी दिली नाही. जुन्या पडद्याचा अभ्रा शिवून घातलाय तिला.

तर मला रीत लिहून पाठव. किती निखारे, कुठलं लाकूड, किती वेळ. मी तुला कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला येत नाही हे कबूल करावं लागलं असतं.

हे लिहून मी तुमचं दोघांचं पुन्हा जमवायला बसलेली नाही, ही भीती मनातून काढ. यांच्या भाषेत सांगायचं तर ते लाकूड उभं चिरलंय, सरसानं धरायचं नाही. चिरंजीव तू गेल्यावर दोन महिन्यांनी दुसऱ्या शहरात क्रेनवर लागले. रविवारी फोन करतात. आम्ही दोघंच असतो.

यांच्या मनात तुझ्याबद्दल एकच आहे, की तू न सांगता गेलीस. चार वर्षं राहिली आणि जाताना 'येते' म्हणायलाही थांबली नाही, असं म्हणतात कधी कधी. मी विषय बदलते.

बाकी ठीक. शाळेच्या गणवेशांची शिलाई सुरू आहे. मशीनचा डावा ड्रॉवर अडकतोय. हे म्हणाले हात बरा झाला की बघतो. मी म्हटलं, काही घाई नाही.

तुझी जी कोण असेन ती


१३ मार्च, गुरुवार

ठिणगे,

तुझं उत्तर आलं नाही. येईल तेव्हा येईल. मी म्हटलं तोवर आपली अक्कल चालवून बघू, आणि तिथेच चूक झाली.

मासेवालीकडून दोन शेपट्या आणल्या. कवच सुरीनं कापायला गेले, सुरी घसरली आणि बोट कापलं. तू पहिल्या वर्षी माझ्या कापडाच्या कात्रीनं कवच कापलं होतंस, आठवतं? मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. ती कात्री मी माझ्या नवऱ्यालाही कागद कापायला देत नाही आणि तू तिनं शेवंड कापलीस. पण तेव्हाही तू बरोबर होतीस, सुरीनं ते होतच नाही. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं, आत्ता म्हणते.

शेवटी ठोकून-ठोकून कवच फोडलं. निखारे सगळ्या शेगडीभर पसरले, शेपट्या वर ठेवल्या, लाकडाची एक ढलपी टाकली आणि झाकण लावलं. आता झाकणाखाली काय चाललंय ते दिसेना. माझा जन्म शिवण्यात गेला, टाका सरळ पडतोय ना हे बघितल्याशिवाय मला पुढचा टाका घालता येत नाही. मी दर मिनिटाला झाकण उघडून बघत राहिले. प्रत्येक वेळी धूर माझ्या डोळ्यांत आणि हवा निखाऱ्यांत. वरून कोळसा झाला, आतून कच्चं राहिलं.

हे स्टूलवर बसून सगळं बघत होते. एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि विचारलं, "टायर आहे का गं?"

मांजराला घातलं. मांजरानं वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.

पण एक सांगते. कितीतरी दिवसांनी हे परसात येऊन बसले. स्टूल स्वतः डाव्या हातानं ओढत आणलं. आणि टायर म्हणून झाल्यावर हसले. मी भांडी घासायला घेतली, पण मला फार बरं वाटलं.

रीत पाठव बाई. चारच ओळी लिहिल्यास तरी चालेल.

तुझी टायरवाली


२२ मार्च, शनिवार

ठिणगे,

तुझं पत्र गुरुवारी आलं. चार ओळी म्हटलं तर तू खरंच चारच लिहिल्यास. तुझ्या या स्वभावावर यांचा जीव होता, मोजून बोलायचं.

त्याआधी बुधवारी दुसरा प्रयत्न झाला, तो सांगते. या वेळी लाकूड यांनी स्वतः काढून दिलं. म्हणाले, "तू टाकलेली ढलपी पॅकिंगच्या खोक्याची होती, तिला कसला धूर येणार. चांगलं लाकूड घाल." आणि कपाटामागून सागवानाचा तुकडा काढला, पंधरा वर्षं वाळवलेला. त्यातला हातभर मी मशीनच्या टेबलाला मागितला होता तेव्हा मला म्हणाले होते, "हे लाकूड कामासाठी आहे." असो. चाळीस वर्षं ज्या माणसानं लाकूड ओळखण्यावर पोट भरलं, त्याच्या मनात हे कसं येणार, की उत्तम लाकूड वाईट धूर देईल. माझ्याही मनात आलं नाही. आम्ही दोघांनी मोठ्या ऐटीत ते निखाऱ्यांवर ठेवलं.

काय सांगू. कडूजहर. घशात तेल बसल्यासारखं झालं. दोरीवर वाळत घातलेल्या गणवेशांना वास लागला, ते पुन्हा धुतले. यांनी ताट सरकवलं, आणि या वेळी हसले नाहीत. "ठिणगी माझंच लाकूड न्यायची," म्हणाले, "कोणतं न्यायची ते कधी बघितलं नाही मी. गप्पांतच वेळ जायचा." आणि उठून आत गेले.

आता तुझ्या चार ओळींबद्दल. तू लिहिलंस, 'आई, धुरीचं सगळं मी जाताना बाबांच्या पत्रात लिहून ठेवलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणून मीही पुन्हा लिहिलं नाही. तुम्ही त्यांना विचारा. त्यांचा हात कसा आहे?'

हात बरा आहे. विचारीन त्यांना. आजारी माणूस आहे, कागद कुठे ठेवला ते विसरले असतील. घरात कागद इकडेतिकडे होतातच.

आज शिलाई फार आहे, म्हणून थांबते.


२३ मार्च, रविवार

कालचं पत्र पेटीत टाकायला गेले आणि पेटीच्या तोंडापर्यंत नेऊन परत आणलं. शेवटच्या चार वाक्यांत मी तुझ्याशी खोटं बोलले. ते फाडून टाकणार होते. पण माझं खोटं तुला माझ्याच अक्षरात दिसू दे, म्हणून दोन्ही एका पाकिटात घालते आहे.

तुझं पत्र यांना मिळालेलंच नाही. ते माझ्या मशीनच्या डाव्या ड्रॉवरमध्ये आहे, बॉबिनच्या डब्याखाली. ड्रॉवर अडकत नाही. मी तो उघडत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्या बाईला निदान कळसा काखेत असल्याचं माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी फोरमनच्या दारात बसले, तुला पत्रं घातली, यांना टायर खाऊ घातलं, पण हात लांब करून तो ड्रॉवर उघडला नाही.

तो दिवस मला लख्ख आठवतो, तुलाही आठवत असेल. चिरंजीवांनी आदल्या दिवशी मला सांगितलं होतं, ती तरी जाईल नाहीतर मी जाईन. तुझी निळी बॅग भरून झाली होती. हे लाकडाच्या वखारीत गेले होते. तू म्हणालीस, "बाबा येईपर्यंत थांबते." आणि मी म्हटलं, "कशाला थांबतेस, बस चुकेल." बसचं मला काय पडलं होतं. मला भीती होती, हे आले की तुला जाऊ देणार नाहीत, आणि मग माझा मुलगा जाईल. तू वाद घातला नाहीस. पायरीवर बसून माझ्याच बेतायच्या खाकी कागदावर पत्र लिहिलंस, घडी घातलीस, डिंकानं चिकटवलंस आणि माझ्या हातात दिलंस. "बाबांना द्या." मी हो म्हटलं.

तासाभरानं हे आले. हातात लाकडाचा एक तुकडा होता, तुझ्या हातोडीला नवा दांडा करायला आणलेला. विचारलं, "ठिणगी कुठाय?" मी म्हटलं, "गेली. न सांगता."

एवढंच बोलले मी. त्यानंतर पावणेदोन वर्षं ते मोडता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पत्र दिलं असतं तर विचारलं असतं, काल का नाही दिलंस. तिसऱ्या दिवशी दिलं असतं तर परवाचं विचारलं असतं. दिवस वाढत गेले तसं ते पत्र जड होत गेलं. आणि मुलासाठी हे केलं म्हणावं, तर मुलगाही राहिला नाही.

अजून एक आहे, ते लिहायला लाज वाटते पण लिहिते. फक्त मुलाची भीती नव्हती. हे तुझ्याशी हसायचे तसे माझ्याशी हसत नव्हते. तुम्ही दोघं त्या शेगडीपाशी लोखंड आणि लाकूड यावर तासभर बोलत बसायचात, आणि मी आतून भांडी जरा जोरातच आपटायची. मला कधी सुचलं नाही, की मीही एक स्टूल ओढून बसावं.

मी ते पत्र उघडलं नाही, एवढं मात्र खरं मान. दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही हे आईनं लहानपणी शिकवलं होतं. लपवायचं नाही हे शिकवायला ती विसरली.

ठिणगे, मी तुझा अपराध केला आहे आणि यांचाही. तू इतके दिवस समजत होतीस की बाबांनी उत्तर दिलं नाही, आणि ते समजत होते की तू विचारलंही नाहीस. दोघांच्या मध्ये मी बसले होते. माफ कर असं म्हणते. करायला हवंच असं नाही.

आता हे पत्र टाकते, आणि मग ड्रॉवर उघडते. या क्रमानं केलं नाही तर मी पुन्हा कच खाईन.


२८ मार्च, शुक्रवार

ठिणगे,

दिलं. रविवारीच दिलं. हे कारखान्यात बसले होते, म्हणजे मागच्या खोलीतल्या त्यांच्या बाकापाशी, तिथे आता काम होत नाही पण बसतात. पत्र समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, दांड्याच्या लाकडापर्यंत. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढचं गिळलं असतं.

यांनी खाकी कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "पावणेदोन वर्षं मी त्या पोरीला नावं ठेवली." मला एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर मला सोसलं असतं.

तेव्हापासून घरात बोलणं नाही. परवा 'मीठ' म्हणाले. काल 'चष्मा' म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात भांडणं पुष्कळ झाली, पण हे असं गप्प बसणं पहिल्यांदाच. मी स्वयंपाक करते, ताट वाढते, हे बसतात आणि एक गोष्ट अशी की जेवतात. रागानं का होईना, पूर्ण ताट संपवतात.

पत्रात काय आहे ते मला माहीत नाही. शर्टाच्या खिशात घालून फिरतात.

तुझ्याकडून काही आलं नाही. येणार नाही असंच धरून चालले आहे. तरी लिहिते, कारण आता या घरात मी बोलू शकते अशी तूच उरलीस, आणि तू तर इथे नाहीस.


३१ मार्च, सोमवार

ठिणगे,

आज सकाळी मी मशीनवर होते. हे आले, तुझं पत्र माझ्यापुढे शिवणाच्या कापडावर ठेवलं आणि म्हणाले, "वाच." मी म्हटलं, तुमचं पत्र आहे. म्हणाले, "वाच म्हणतोय ना."

वाचलं. तीनदा वाचलं. 'बाबा, निखारे सगळे एका बाजूला करा आणि शेपट्या दुसऱ्या बाजूला ठेवा, खाली आग नको. कवच पाठीवर मधोमध कात्रीनं कापा, शेपटीच्या टोकाचा पंखा तेवढा सोडा, आणि मांस वर उचलून कवचावरच ठेवा. लोणी, लसूण, लिंबू, बाकी काही नको. तुमचं चांगलं लाकूड घालू नका. सागवान तर नकोच, त्याचं तेल धुरात उतरतं. मी दर वेळी पेरूच्या फांद्याच न्यायची, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. माळ्यावर पेरूची एक जुडी बांधून ठेवली आहे, तुम्हाला दोन-तीन वर्षं पुरेल. मांस काचेसारखं दिसतं ते दुधासारखं पांढरं झालं की काढा, पाऊण तास लागतो. तोवर झाकण उघडायचं नाही. आईंना शेगडीजवळ येऊ देऊ नका, त्या सारखं उघडून बघतात.'

हे वाचताना मला हसू आलं आणि पुढची ओळ दिसेना. तोंडावर पदर धरला. हे माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "बघ, ओळखून आहे तुला."

खाली तू लिहिलं आहेस, 'तुम्ही बोलवाल तेव्हा येईन. नाही बोलावलंत तरी माझ्या मनात काही राहणार नाही.' ते वाचून मी मान खाली घातली. यांनी डावा हात माझ्या पाठीवर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच, डाव्या हाताचा त्यांना अंदाज नाही. म्हणाले, "चल, माळ्यावर चढ. मला चढता येत नाही."

तर पासष्टाव्या वर्षी मी शिडीवर चढले. हे खालून शिडी धरून सूचना देत होते, "डावीकडे. अगं डावीकडे, तुझ्या डावीकडे." जुडी होती. खोक्यांच्या मागे, सुतळीनं बांधलेली, वर यांच्याच सुतारी पेन्सिलीनं तू लिहिलेलं, 'धुरासाठी'. वाळून खडखडीत झाली आहे. हे म्हणाले, "परसातल्या पेरूच्या मी छाटून टाकलेल्या फांद्या उचलून नेत होती ही. आणि मला वाटायचं अंगण झाडतेय." एक काडी नाकाशी नेऊन वास घेत बसले.

सोबतच्या चिठ्ठीत डाव्या हातानं लिहिलेलं आहे. एक शब्द लिहायला तीन कागद गेले. 'ये' आहे ते. त्याखाली बाबा लिहायचं होतं, पण म्हणाले तिला कळेल.

माझ्या वतीनं मी बोलावत नाही, तो हक्क मी घालवला. पण यांनी बोलावलंय. बारा तारीख, शनिवार. तू आलीस तर मला बघून तोंड फिरवलंस तरी चालेल, शेगडी परसात आहे, मी आत राहीन.


१४ एप्रिल, सोमवार

ठिणगे,

परवाच भेटलो आणि आज पत्र लिहितेय, बाईला कामधंदा नाही असं म्हणशील. पण एक गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगितल्याशिवाय मला राहवेना.

बाकी सगळं तुझ्यासमोरच झालं. तू फाटकातून आलीस तेव्हा मी खरंच आत राहणार होते. तूच स्वयंपाकघराच्या दारात आलीस आणि म्हणालीस, "आई, कात्री." मी भाजीची पुढे केली. तू ती दोनदा उघडझाप करून खाली ठेवलीस. मग मी मशीनपाशी गेले आणि माझी आणली. तू म्हणालीस, "ही? कापडाची?" मी म्हटलं, "कापडाचीच. आण, मी कापते, तू धर." कवच पहिल्या झटक्यात कापलं गेलं. आपण दोघींनी सहा शेपट्या कापल्या आणि तेवढ्या वेळात एकमेकींना सॉरीबिरी काही म्हटलं नाही. माझ्या मनात होतं, पण तू म्हणालीस, "पंखा सोडा, पंखा सोडा," आणि ते राहून गेलं. इथे लिहिते. चुकले.

कात्री बोथट झाली आहे. धार लावून आणेन, पण वास जाणार नाही. राहू दे.

यांनी तिसरं स्टूल कुठून काढलं ते मला माहीत नव्हतं. काल विचारलं. तू यायच्या आधी चार दिवस मागच्या खोलीत डाव्या हातानं त्याचा मोडका पाय बसवत होते. डुगडुगतं, ते तुला कळलंच असेल, मीच बसले होते त्याच्यावर. पाऊण तास मी झाकणाकडे बघितलं आणि उघडलं नाही. तू आणि हे माझ्याकडे बघत होतात आणि एकमेकांना खुणा करत होतात. मला दिसत होतं सगळं.

आणि तो पेरूचा धूर. मी इतकी वर्षं आतून खिडक्या लावून घ्यायची, पडद्यांना वास लागेल म्हणून. तो गोडसर असतो हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं.

यांनी दोन पूर्ण खाल्ल्या, तिसरीतली अर्धी. बोटं चाटली. दांड्याचं लाकूड तुला दाखवलं तर तू ते घेतलं नाहीस. "हात बरा झाला की तुम्हीच करून द्या, मी न्यायला येईन," म्हणालीस. काल सकाळपासून हे रबरी चेंडू दाबत बसलेत. डॉक्टरांनी सांगून दोन महिने झाले होते, हातात घेत नव्हते.

आता ते सांगते.

जेवण झाल्यावर हे खुर्चीत बसल्याबसल्या झोपले. तुझी पाचची बस होती. तू घड्याळाकडे बघितलंस, त्यांच्याकडे बघितलंस, आणि बॅगेला हात घातलास. कुजबुजत म्हणालीस, "झोपू दे त्यांना, मी निघते." तीच निळी बॅग होती. तेव्हा मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल, जरा मोठ्यानंच म्हटलं, "बस चुकली तर चुकू दे. ते उठेपर्यंत थांब." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग बॅग खाली ठेवलीस आणि शेगडीतली राख काढते म्हणून परसात गेलीस.

तू बाहेर होतीस तेव्हा यांना जाग आली. डोळे अजून मिटलेलेच होते. हात खुर्चीवर चाचपत विचारलं, "गेली?"

मी म्हटलं, "नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय ती कधीच जात नाही."

यांनी डोळे उघडले नाहीत. मान हलवली आणि पुन्हा झोपले. आणि परसातून तू राख खरवडत असल्याचा आवाज येत होता.

आई